पुस्तकांच्या पाठीत दडलेली वही

शहराच्या ग्रंथालयाला शंभर वर्षं झाली म्हटल्यावर त्याचा इतिहास हवाच! ग्रंथपालांनी तो लिहूनही काढला. ज्यात सुरुवातीचं सगळं होतं ती पहिली नोंदवही काही सापडेना, तेव्हा त्यांनी पहिल्याच पानावर ठोकून दिलं, 'ही वही पन्नास वर्षांपूर्वी इथल्या कारकुनाने लंपास केली.' कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण दहा तोंडांनी तेच बोललं की खरं वाटायला लागतं. त्या कारकुनाची लेक, आता सत्तरीची, रोज खिडकीपाशी पेपर वाचायला यायची आणि कुणाशी बोलायची नाही.

खाली तळघरात बाइंडरताई बसायची. वडील थकून घरी बसल्यावर तिने त्यांचंच दाभण आणि त्यांचाच खळीचा डबा हाती घेतला होता. दुपारी झरोक्यातून असा झोपाळू उजेड उतरायचा की धूळसुद्धा खाली यायला कंटाळायची. अशाच एका दुपारी ताईने एक जुना जाडजूड ग्रंथ उसवला. पुस्तकाच्या पाठीला आतून रद्दीच्या पट्ट्या चिकटवायची पूर्वी पद्धत होती. पट्टी ओल्या फडक्याने सोडवली, तर तिच्यावर निळी अक्षरं : 'शिंपी, पुस्तकं दोन.' दुसरीवर : 'सुईण, पुस्तक एक, शेवटचं पान नाही.'

ताईने आणखी एक पुस्तक उसवलं, मग आणखी एक. दिवे लावणारा, न्हावी, शाळामास्तरांची विधवा बहीण... शंभर वर्षांपूर्वी ग्रंथालयाला द्यायला घरातली एक-दोन पुस्तकं काखेत मारून आलेली ही माणसं जणू खोलीत दाटीवाटीने उभी राहिली, अगदी गप्प, आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत. ताईला त्यांचा श्वासही ऐकू येत होता म्हणा ना! मग एका पट्टीवर मथळा निघाला, 'नोंदवही पहिली', आणि ताईने उसवलेली शिवण उजेडात धरली. पुस्तकांची शिवण अप्पांची होती. इतकी घट्ट गाठ तिच्या वडिलांशिवाय कुणाला मारता येत नसे.

इतिहास उद्या छापायला जाणार होता. पट्ट्या केराच्या टोपलीत टाकल्या असत्या, तर कुणाच्या बापाला कळलं असतं? ताईने त्या पिशवीत घातल्या आणि घर गाठलं.

"अप्पा, ही वही तुम्ही कापलीत?"

अप्पांनी पट्ट्या चाचपल्या.

"दोन गठ्ठे यायचे," ते म्हणाले. "एक बांधायचा, एक रद्दीचा. कारकून स्वतः येऊन सांगायचा, हा कुठला, तो कुठला. त्या दिवशी तो रजेवर होता. गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या होत्या."

"मग वाचायच्या ना!"

"वाचायला कुठे येत होतं, पोरी?"

चाळीस वर्षं ग्रंथालयात काढलेला माणूस! दुपारी डबा खाऊन झाला की पुस्तक उघडून तिला गोष्टी वाचून दाखवणारा! मोठेपणी त्या गोष्टी शोधत तिने कपाटांमागून कपाटं पालथी घातली होती.

"आणि त्या गोष्टी?"

"मनच्या," अप्पा ओशाळून म्हणाले. "पाठीवरची नावंसुद्धा मी चित्रासारखी काढायचो. रजेवरून आला तेव्हा कारकुनाने पट्ट्या वाळताना पाहिल्या आणि सगळं ओळखलं. म्हणाला, 'तोंड उघडू नकोस, तुझी नोकरी जाईल, पदरात लेकरू आहे.' वर जाऊन त्याने सांगितलं, वही माझ्याकडून हरवली. लोकांनी त्याला चोर केलं. मी आपला खळ लावत बसलो."

ताईला त्यांचा राग आला आणि मायाही आली, दोन्ही एकदम. "सकाळी मी एकटीच जाऊन सांगते," ती म्हणाली.

"मी येतो," अप्पा म्हणाले.

सकाळी जिना चढताना ते तीनदा थांबले. वर ग्रंथपालांच्या टेबलावर पट्ट्या मांडून त्यांनी सगळं सांगितलं, निरक्षर असल्याचंसुद्धा. खिडकीतल्या बाईंनी पेपर खाली ठेवला.

"माझे बाबा मान खाली घालून गेले," त्या म्हणाल्या. "तुम्हाला एकदाही यावंसं वाटलं नाही?"

"वाटायचं. भ्यायलो."

बाई रडल्या, रागाने, चष्मा पुसत. जाऊ द्या म्हणायची कुणाची छाती झाली नाही. ग्रंथपालांनी ती ओळ खोडली, कारकुनाच्या नावानिशी खरी हकिकत लिहिली, मोठ्याने वाचली आणि कागद पुढे सरकवला. "खाली अंगठा द्या."

अप्पा कागदाकडे बघत राहिले. "यात त्याचं नाव कुठलं?"

ग्रंथपाल दाखवणार, तेवढ्यात बाई उठून आल्या. त्यांनी अप्पांचं बोट धरलं आणि आपल्या वडिलांच्या नावावर टेकवलं. अप्पांनी ती तीन अक्षरं हळूहळू गिरवली आणि बोट उचलायला गेले.

बाईंनी उचलू दिलं नाही. "पुन्हा," त्या म्हणाल्या.