रुस्कानेन भावांचे नमुने

पहिल्यांदा तुओवीला वाटलं, मशीन बिघडलं असेल. मग वाटलं, चूक आपलीच असेल. दुसरं वाटणं तिला जास्त पटलं आणि तिथेच घात झाला.

कुओपिओ शहरातल्या त्या संशोधन केंद्रात ती बावीस वर्षं नर्स होती. पोटाचा घेर, साखर, रक्तदाब, चरबी असं सगळंच थोडं थोडं वाढलेली, म्हणजे मेटाबोलिक सिंड्रोमची माणसं तिथे अठरा आठवड्यांसाठी दोन गटांत वाटली होती. एका गटाला दर आठवड्याला डबा मिळायचा तो राय धान्याचा काळा पाव, मासे आणि रानातल्या निळ्या बेरींचा. दुसऱ्याला पांढरा पाव आणि लोणी, म्हणजे इकडचा माणूस एरवीही खातो तेच. वजन कोणीच घटवायचं नाही. सुरुवातीला आणि शेवटी पोटाच्या चरबीतून सुईने कणभर नमुना काढायचा आणि बघायचं, नुसत्या खाण्याने आतली कोणती जनुकं जागी झाली आणि कोणती निजली.

ताउनो रुस्कानेन, वय एकसष्ट, काळ्या पावाच्या गटात होता. त्याचा धाकटा भाऊ रेयो, वय पंचावन्न, लोण्याच्या गटात. तळ्याकाठी दोघांची घरं शेजारी, सौना म्हणजे वाफेची न्हाणी सामाईक. शेवटची तपासणीही दोघांनी एकाच सकाळी उरकली होती. आणि आता निकाल उलटे आले होते. सूज पेटवणारी जनुकं रेयोची निवली होती आणि ताउनोची चेव आल्यासारखी उठली होती. रक्तातली साखर, चरबी, सगळं त्याच बाजूने साक्ष देत होतं. राय खाणाऱ्याच्या रक्तात त्या धान्याची एक खूण राहते. ती रेयोच्या रक्तात भरपूर होती, ताउनोच्या रक्तात जवळजवळ नव्हतीच.

"एक तर त्यांनी डबे बदलले, नाहीतर तू नमुन्यांवर नावांच्या चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्यास," प्रोफेसर तोल्वानेनबाई म्हणाल्या. "रोजच्या नोंदी काय म्हणतात?"

"नोंदी स्वच्छ आहेत बाई. चमच्या-चमच्याच्या."

"रक्तगट?"

"दोघांचा एकच."

"जनुकांवरून ओळख पटवायची तर महिना जाईल. तू त्याच मुलखातली ना? जा, विचारून ये."

तपासणीची ती सकाळ तुओवी पुन्हा पुन्हा आठवून बघत होती. आदल्या दिवशीच ती आईला वृद्धाश्रमात सोडून आली होती. चिठ्ठ्यांचा कागद हातातून एकदा खाली पडला होता, एवढं तिला आठवत होतं. त्यानंतरचं काही केल्या आठवत नव्हतं.

ती गेली तेव्हा तळ्यावरचं बर्फ नुकतंच फुटलं होतं. ताउनो पायरीवर बसून जाळं विणत होता. सावोत, म्हणजे या मुलखात, कोणी कोणाला सरळ प्रश्न विचारत नाही आणि विचारलाच तर सरळ उत्तर मिळत नाही. माणूस बोलून मोकळा होतो, अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्याची. तुओवीला याचा अभिमान होता. बाहेरून आलेले डॉक्टर इथे गोंधळून जात, तिला मात्र अर्ध्या वाक्यात पुरं कळायचं.

कॉफी झाली, वेलदोड्याचा पाव झाला, वाऱ्याबद्दल बोलून झालं.

"खाणं सोसलं ना?" तिने विचारलं.

"खाणाऱ्याला सोसलं असणार."

"डबे संपायचे?"

"भरलेला डबा कधी परत आला का तुमच्याकडे? मग!"

"म्हणजे पोटात गेलं सगळं."

"जाईल कुठे? आता पोरी, एका आईची दोन लेकरं, कुठला घास कुठल्या पोटात गेला ते कोण बघत बसतंय? आमचा बाप छप्पन्नाव्या वर्षी गेला. आजाही छप्पन्नाव्याच. मी तर पाच वर्षं फुकटची जगतोय. रेयोला मात्र पुढच्या महिन्यात छप्पन्न लागतं." त्याने जाळं मांडीवर ठेवलं आणि तिच्याकडे बराच वेळ बघितलं. "त्यात एखाद्याच्या वाट्याला लोणीच यायचं."

तुओवी स्वतःची चूक शोधायला आली होती. तिला त्यात फक्त म्हाताऱ्याची भावाबद्दलची काळजी ऐकू आली.

"तुम्हाला काही होत नाही, ताउनो," ती हसून म्हणाली.

"असं म्हणतेस? विचार करून सांगतेयस ना?"

"विचार करूनच."

"मग झालं तर," तो म्हणाला. तिला पोचवायला उठला तेव्हा त्याला धाप लागली होती आणि तो डावा खांदा चोळत होता. तिने ते पाहिलं. जाळं विणून अवघडला असेल, असं स्वतःला सांगून ती गाडीत बसली.

केंद्रात येऊन तिने लिहून दिलं: चूक माझी, चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या. नावं दुरुस्त झाली, पत्रं गेली. रेयोला: आठवड्याच्या आत डॉक्टरांना भेटा. ताउनोला: सगळं समाधानकारक, पुढची तपासणी शरद ऋतूत. प्रोफेसरबाईंनी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुकही केलं.

अकराव्या दिवशी आरोग्यकेंद्रातून डॉक्टरांचा फोन आला.

"तुमच्या रेयो रुस्कानेनला कशाला पाठवलंत? मी रक्त पुन्हा तपासलं. साखर, चरबी, सगळं आवाक्यात. तुमच्या कागदावरचा माणूस भलताच कोणीतरी आहे."

तो भलता कोण, हे कळायला तुओवीला क्षणही लागला नाही. तिने ताउनोला फोन लावला. वाजत राहिला. तिने कोटही न घेता गाडी काढली. रस्ताभर ती मोठ्याने म्हणत होती, उचल, म्हाताऱ्या, फोन उचल. तळ्याच्या अलीकडच्या वळणावर समोरून रुग्णवाहिका आली. तिचा भोंगा बंद होता, दिवा बंद होता आणि तिला कसलीच घाई नव्हती.

रेयो तळ्याच्या धक्क्यावर बसला होता. पायाशी बादलीत चार मासे तडफडत होते.

"मंगळवारपासून छातीत कळ होती त्याच्या," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मी म्हटलं, चल दवाखान्यात. तर म्हणे, दवाखान्याचंच पत्र आलंय, मी ठणठणीत आहे."

"रेयो, ते डबे..."

"मी खाल्ले. दर शनिवारी सौनाच्या आधी बदलायचो. नको म्हटलं की रुसायचा. नोंदी मात्र ठरलेल्या डब्याप्रमाणेच लिहायचो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

तुओवी धक्क्यावर त्याच्या शेजारी बसली.

"मला वाटलं, तुला माहीत असणार," रेयो म्हणाला. "तू येऊन गेलीस त्या दिवशी बोलला होता, पोरीला सांगून टाकलं, जीव हलका झाला. विचार करून म्हणाली, काही होत नाही." तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. "काय सांगितलं होतं गं त्याने तुला?"

"सगळं," तुओवी म्हणाली.