शहजादीचा नवरा उभाच

इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या मराठी मंडळात नाटक म्हटलं की लेखन, दिग्दर्शन आणि पडद्याआडून प्रॉम्प्टिंग, सगळं माझ्याच गळ्यात पडतं. यंदा मी हट्टाने ऑटोमन सुलतानाच्या शहजादीच्या लग्नावर लिहिलं. त्यातली एक रीतच मला फार आवडली होती. जावई मोठा वजीर का असेना, शहजादी 'बसा' म्हणेपर्यंत त्याने तिच्यासमोर उभं राहायचं.

शहजादी होती रेणू आणि वजीर तिचा खराखुरा नवरा, संग्राम. प्रयोगाच्या दिवशी सकाळी रेणूला कळलं, की या पठ्ठ्याने तिला न विचारता दुसऱ्या राज्यातल्या पार्सिपनीची ट्रान्सफर घेतली. म्हणजे हिने इथली नोकरी, मैत्रिणी, सगळं गुंडाळायचं. मेकअपच्या वेळी ती एक अक्षर बोलली नाही. मी मूर्ख, मला वाटलं भूमिकेत शिरलीय.

लग्नाच्या प्रवेशात संग्राम आला, मुजरा करून उभा राहिला. रेणू गप्प.

"बसा," मी पडद्याआडून कुजबुजले. मग जरा मोठ्याने, "बसा!" शेवटच्या रांगेतल्या काकूंनाही ऐकू गेलं. रेणू ढिम्म. संग्रामचं पागोटं नाकावर घसरायला लागलं.

"शहजादी, पाय दुखतायत," तो म्हणाला. हे मी लिहिलं नव्हतं.

"पार्सिपनीला हो म्हणताना मला विचारलंस?" हेही नव्हतं.

"अगं, लोक बघतायत यार!"

"बघू देत. विचारलंस?"

"नाही. चुकलो. उद्या मॅनेजरला ईमेल करतो, होकार कॅन्सल."

"आत्ता."

वजिराने कमरबंदातून फोन काढला आणि उभ्या उभ्या टाइप केलं. रेणूने वाचलं, दोन स्पेलिंग सुधारली, सेंड केलं आणि थाटात म्हणाली, "बसा." हॉल टाळ्यांनी दणाणला.

मला मात्र रडूच आलं. बारा वर्षांपूर्वी मीही ओहायोतल्या डब्लिनमधलं घर आणि माझा भरलेला गाण्याचा क्लास सोडून इथे आले. त्र्यंबकने, माझ्या नवऱ्याने, मला फक्त सांगितलं होतं.

प्रयोग संपल्यावर तोच पडद्याआड आला. गळ्यात कॅमेरा, चेहरा घामाघूम.

"दोन तास उभ्याने शूटिंग केलं, पायांचे तुकडे पडलेत," म्हणत तो माझ्या शेजारच्या स्टुलावर टेकायला वाकला.

"डब्लिन सोडताना मला विचारलं होतंस?" मी म्हटलं.

तो अर्धवट वाकलेला तसाच थांबला. मग हळूच सरळ झाला, आणि उभा राहिला.