तांदळातलं नाव

…पट्ट्यावर नाव ठळक होतं, आर्या, त्याखाली उभ्या काळ्या रेघा, आणि प्लॅस्टिकची कड सुनेच्या सुजल्या मनगटात रुतलेली — नर्सला सांगून सैल करून घ्यावा, असं सुनंदाबाईंच्या मनात आलं, पण त्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं. कालपासून ते मिटलेलंच बरं वाटत होतं. सून ऑक्सिजनचा मास्क लावून निपचित पडलेली. घशाच्या दुखण्यावरचं साधं इंजेक्शन, आणि घडीभरात पोरीचा गळा सुजून श्वास कोंडला…

नाव बदललं म्हणजे काय पाप केलं? अश्लेषा नक्षत्र सासूच्या जिवावर येतं, हे काही मी काढलेलं नाही. तुळिंजच्या व्याह्यांनी, शिकल्या-सवरलेल्या माणसांनी, पोरीचं असलं नाव ठेवावंच कसं! लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं आर्या लिहायला लावलं. कौस्तुभ हसला होता, "आई, आधार कार्डावर अश्लेषाच राहणार हं." राहू दे. आधार कार्ड काय घरात हाक मारतं?

कौस्तुभचं सगळंच जगावेगळं. भरल्या पगाराची नोकरी सोडली आणि दवाखाने पालथे घालत सुटला — रोग्यांची माहिती ठेवणारा प्रोग्रॅम कुणा कंपनीच्या कुलपात नको, सगळ्यांना उघडा हवा, कुणीही आत डोकवावं, चूक दिसली तर बोट ठेवावं. जाऊबाई म्हणाल्या, "फुकट वाटतोय म्हणजे माल खोटाच." सुनंदाबाईंनी तिथल्या तिथं सुनावलं, "हवापण फुकटच आहे, उद्यापासून घेऊ नका." मनवेलपाड्याच्या ह्या ट्रस्टच्या इस्पितळानं त्याचा प्रोग्रॅम सगळ्यात आधी घेतला, तेव्हापासून त्या इथं मालकिणीसारख्याच शिरत आल्या होत्या. कालही. कौस्तुभ मीटिंगला पालघरला, पोर तापानं फणफणलेली, आणि काउंटरवरच्या लविनानं विचारलं, "आजी, ह्या आधी आल्यात का इथं?"

खांद्यावर टेकलेली सून पुटपुटली होती, "आई… लहानपणी… अश्लेषा नावानं…"

"गप गं!" सगळी रांग बघत होती. "आमची सून आर्या. पहिल्यांदाच आलीय. घाल नाव, माझ्या लेकाचंच यंत्र आहे ते."

मग डॉक्टरांचा प्रश्न, कुठलं औषध चालत नाही का… सुनंदाबाईंनीच उत्तर दिलं. ठणठणीत आहे म्हणून.

दार ढकलून कौस्तुभ आत आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"दोन नोंदी सापडल्या, आई. अश्लेषाची वेगळी, आर्याची वेगळी. जुनीत स्पष्ट लिहिलंय, हे औषध देऊ नका."

"मग रे आता?"

"संध्याकाळी ट्रस्टी बसतायत. प्रोग्रॅम काढून टाकतील, बाकीची इस्पितळंही तेच करतील. लविनालाही काढतील. ती म्हणते, मी विचारलं होतं. पुढं काही बोलत नाही, नुसती रडते." त्यानं डोळे चोळले. "तू होतीस ना तिथं? विचारलं होतं तिनं?"

"गर्दी होती रे केवढी. मला कुठं ऐकू येतंय."

तिसऱ्या मजल्यावरची कुजबुज हिला ऐकू येते, अशी बिल्डिंगभर ख्याती. पण त्यानं मान हलवली. विश्वास ठेवला मेल्यानं! थोडं जरी संशयानं बघितलं असतं, तर कदाचित… तर काय?

"म्हणजे माझ्याच प्रोग्रॅममध्ये खोट आहे," तो म्हणाला. "एकच माणूस, ओळखायला हवं होतं त्यानं. डॉक्टर म्हणतात, दुपारपर्यंत शुद्धीवर येईल. तिलाच विचारू. तिला आठवत असेल."

तो गेला. जीवदानीचं नाव पुन्हा ओठांत सुरू झालं — डोळे उघडू दे गं आई पोरीचे, पायऱ्या चढून येईन, खणानारळानं ओटी भरीन, डोळे उघडू दे…

मास्कच्या वरची पापणी थरथरली. मग दुसरी. बोटं चादरीवर काहीतरी चाचपू लागली.

नको. थांब थोडी.

कोण बोललं हे? सुनंदाबाईंनी दचकून मागं पाहिलं. खोलीत तर आम्ही दोघीच.