एकदाच विचारतात

परदेशात शिकून आलेल्यांनी आपले अनुभव सांगावेत, असा कार्यक्रम कॉलेजने ठेवला होता. मागे फलक लावला होता, ‘युरोपने आम्हाला काय दिलं’. स्टेजवर आम्ही परत आलेले, समोर पुढच्या वर्षी जाणारे आणि त्यांचे आईबाप. माझी आईही आली होती, ठेवणीतली साडी नेसून. माझ्या आधीच्या मुलाने तिकडच्या बसगाड्या वेळेवर येतात हे इतक्या भक्तिभावाने सांगितलं, जणू त्या हाच सोडत होता. दुसरीने शिस्त, स्वच्छता आणि स्वतःचा शोध एका दमात उरकला. मग पडद्यावर सरपंच आला.

सरपंच आमच्याच वर्गातला. सगळ्यांच्या वतीने निर्णय घ्यायची खोड, म्हणून हे नाव. आम्ही दोघं एकाच ठिकाणी इंटर्नशिप करत होतो. मी परत आले, तो तिथेच नोकरीला लागला. व्हिडिओत तो माझ्या टेबलाशी बसला होता. माझ्याच. कडेला मी सांडलेल्या रेझिनचा डागसुद्धा दिसत होता.

“संधी आली की सोडायची नाही,” सरपंच म्हणाला. आईने टाळ्या वाजवल्या.

ती कृत्रिम पाय बनवण्याची कार्यशाळा होती. पेशंटच्या उरलेल्या पायाचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, त्यावरून सॉकेट, म्हणजे पाय ज्यात बसतो ती खोळ तयार करायची, पेशंटला चालायला लावायचं आणि कुठे टोचतं ते विचारून तेवढीच जागा आतून घासायची. तिकडचे लोकही सरळ. टोचतं का? हो. कुठे? इथे. घासलं, विषय संपला.

एका म्हातारबुवांचं मात्र तसं नव्हतं. कधीही विचारा, “छान!” कार्यशाळेच्या प्रमुखांना तिथे सगळे नावाने हाक मारायचे, माझ्या तोंडून ‘सर’शिवाय काही निघायचं नाही. तर सर खूश होऊन पाय त्यांच्या हवाली करायला निघाले. मी म्हटलं, थांबा. वळताना म्हातारबुवा श्वास रोखून धरत होते. मी खाली बसून सॉकेट काढलं आणि नडगीच्या टोकाशी अंगठ्याने दाबलं. बिचारे कळवळले, मग ओशाळले.

“तुम्ही सगळ्यांनी इतकी मेहनत घेतलीत,” ते म्हणाले, “मग नावं कशी ठेवायची?”

“तुला कसं कळलं?” सरांनी मला नंतर विचारलं.

“आमच्याकडे पहिल्या फटक्यात कोणी खरं सांगतच नाही, सर. परत विचारावं लागतं.”

सरांना हे इतकं आवडलं, की पेशंट ‘छान’ म्हणाला तरी परत विचारायचं, असं त्यांनी सगळ्यांना बजावून टाकलं. मी आठवडाभर हवेत होते.

इंटर्नशिप संपत आली तेव्हा तिथे एक जागा निघणार, हे कार्यशाळेतल्या सगळ्यांना माहीत होतं. मला ती हवी होती. अगदी मनापासून, जीव टाकून हवी होती. इकडे माझ्या डिग्रीवर मिळते ती हॉस्पिटलांना यंत्रं विकायची नोकरी. त्यात हातात माहितीपत्रकं येतात, माणसाचा पाय कधीच येत नाही.

सर निघायच्या घाईत होते. कोट चढवता चढवता पॅसेजमध्येच म्हणाले, “एक जागा आहे. तुला इथे राहायला आवडेल?”

आणि मी काय बोलावं? “नको नको, माझ्यासाठी कशाला... म्हणजे, तुम्हाला योग्य वाटेल तो निर्णय घ्या.”

लहानपणी कोणाकडे गेलं आणि खाऊची बशी पुढे आली, की आई नुसते डोळे वटारायची. आधी नको म्हणायचं. आग्रह झाला तरी नकोच. फारच झाला, तर एक उचलायचं. एकदा मी थेट हात घातला होता, तर घरी येऊन कान पिळून निघाला. ते वळण असं अंगात मुरलेलं, की जिभेने मला विचारलंसुद्धा नाही.

“बरं झालं, स्पष्ट सांगितलंस,” म्हणत सरांनी कोटाची बटणं लावली आणि गेले. मी तिथेच उभी राहिले, ते मागे वळून परत विचारतील म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळभर त्यांच्या दारावरून उगीच ये-जा केली. दुपारी त्यांनी सरपंचाला विचारलं. सरपंचाने प्रश्न पुरा व्हायच्या आत होकार देऊन टाकला.

मग लाज गुंडाळून गेले सरांकडे. “सर, मला खरं तर हवी होती.”

“पण तू तर नको म्हणालीस! आम्ही तुझ्या निर्णयाचा आदर केला,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा अगदी प्रामाणिक होता.

आदर! मग म्हातारबुवांच्या ‘छान’चा का नाही केला? त्यांना परत विचारायचं आणि मला नाही? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडातून निघालं ते, “थँक्यू, सर.” आईला फोनवर सांगितलं, मीच नको म्हटलं. खोटं नव्हतंच ते.

स्टेजवर माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, सगळं छान होतं, खूप शिकायला मिळालं. टाळ्या पडल्या.

नंतर चहाला आमच्या विभागप्रमुख बाई आईला म्हणाल्या, “हिलाही ठेवून घेतील असं वाटलं होतं हो आम्हाला.”

“देत होते की! हिनेच नको म्हटलं,” आई ताठ होत म्हणाली. “आमच्यात नाही असं समोर आलं की झडप घालत.” मग माझ्याकडे वळली. “हो ना गं? तुला नकोच होतं ना?”

“नकोच होतं.”

आई माझ्याकडे बघत होती. पाहुण्यांच्या ‘नको’मागची भूक न सांगता ओळखणारी माझी आई. मी कप हातात धरून थांबले. आई, एकदा परत विचार. फक्त एकदा.

“बघा,” आई बाईंना म्हणाली, आणि त्या नको नको म्हणत असताना तिने त्यांच्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं.