तगरीपाशी टांगलेली चादर

मी एक जुनी पांढरी चादर आहे. मित्रांनो, चादरीवर माणसे निजतात हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्यावर मात्र कुणी फारसे निजले नाही. मी पतंगांना बसायला दिलेली चादर आहे. आकाशात उडवायचे कागदी पतंग नव्हेत, दिव्याभोवती येतात ते पंखांचे पतंग.

माझा जन्म भिवंडीतल्या एका यंत्रमागावर झाला. विणताना ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा तुटला, तो कुणाच्या लक्षात आला नाही, आणि माझ्या अंगावर लांबच लांब विरळ रेघ राहिली. शेठनी मला बाजूला टाकले. तिथले मेहताजी, म्हणजे कारखान्याचा हिशेब बघणारे कारकून, मला पूर्णा गावातल्या आपल्या घरी घेऊन आले. त्यांच्या पत्नी विद्युल्लताबाई शाळेत शिकवत. बाईंनी मला उजेडासमोर धरले आणि म्हणाल्या, "ही अंथरायची नाही. हिला वेगळं काम देऊ."

चैत्र लागला की बाई दिवेलागणीला मला अंगणातल्या तगरीच्या कुंपणापाशी दोरीवर टांगत आणि समोर एक बल्ब लावत. वाडीतली पोरे गोळा होत. थोड्या वेळाने माझ्यावर कुणी येऊन बसे. कुणी राखाडी, कुणी वाळल्या पानासारखा, कुणी नखाएवढा.

"बाई, फुलपाखरू!" राघो ओरडे.

"ओरडू नकोस. आधी मिशा बघ. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, टाचणीच्या डोक्यासारखी. याला आहे का?"

"न्हाय बाई. याची त पिसासारखी हाय."

"मग हा कोण?"

"पतंग! बसलाय बी कसा, पंख पसरून."

"शाबास. आणि चादरीला हात पुसू नकोस, आंबा खाल्लायस ना?"

सगळी पोरे खिदळत. माझ्या पांढऱ्या अंगाचे असे कौतुक त्या दिवसांत रोज होई.

सगळ्यांत मान होता तो कण्हेर पतंगाचा. शेवाळावर ऊन पडावे तसा त्याचा हिरवा रंग, त्यात गुलाबी आणि पांढरे पट्टे. त्याची अळी तगरीची पाने खाऊन मोठी होते, म्हणून बाईंनी ते कुंपण कधी छाटू दिले नाही. तो माझ्यावर उतरला की गडबड करणारी पोरेसुद्धा गप्प होत.

वर्षे गेली. मेहताजी गेले. शेजारच्या शेतांवर गोदामे उभी राहिली आणि त्यांच्या भिंतींवर मोठाले दिवे लागले. दिवस मावळला तरी आमच्या अंगणात अंधार पडेना. माझ्यावर येणारे पाहुणे कमी होत गेले. बाईंची नात ओवी तेवढी रोज नेमाने माझ्यासमोर बसे.

मागच्या थंडीत बाईंना इस्पितळात नेले. तेव्हा त्यांची सून नीरजा हिने मला धुतले, घडी केली आणि ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवले. नीरजा कापडवाल्यांच्या घरातली लेक. तिच्या माहेरी पंखांचा कुठलाही किडा म्हणजे कापड खाणारी कसरच. सासूबाईंची लाडकी चादर जपायची, एवढेच तिच्या मनात होते.

चैत्रात डॉक्टरांनी बाईंना घरी न्यायला सांगितले. आता औषधाचा उपयोग नव्हता. बाईंनी खाट ओटीवर घ्यायला लावली आणि ओवीला म्हणाल्या, "एकदा कण्हेर पतंग बघायचाय गं. या वेळी मी काही सांगणार नाही. तू ओळखायचास."

ओवीने मला बाहेर काढले, टांगले, बल्ब लावला. कुणीच आले नाही. माझ्या धाग्याधाग्यात तो उग्र वास भरला होता.

"आई, काय घातलंस गं हिच्यात?"

"डांबरगोळ्या. कसर लागू नये म्हणून."

"अगं, कसर वेगळी! हे आजीचे पतंग आहेत. ते कापड खात नाहीत."

नीरजाने मला दोरीवरून उतरवले. मग म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाही गं." दुसऱ्या दिवशी तिने मला पुन्हा पुन्हा धुतले आणि कडक उन्हात वाळवले. वास गेला. पण संध्याकाळी गोदामाचे दिवे लागले आणि त्यांच्यापुढे आमचा बल्ब काजव्यासारखा झाला.

नीरजा कुंपणापाशी गेली. पलीकडे वॉचमनच्या खुर्चीत राघो बसला होता. तोच, बाईंचा विद्यार्थी.

"राघोभाऊ, या बाजूचा दिवा जरा घालवता का? आईंसाठी."

"वयनी, वर कॅमेरा हाय. सुपरवायझर बसल्या जागी बघतो. माझी ड्युटी जाईल."

"बरोबर आहे तुमचं," नीरजा म्हणाली आणि वळली.

राघोने ओटीवरच्या खाटेकडे पाहिले. टोपी काढून डोके खाजवले आणि गोदामात गेला. दिवा गेला.

मित्रांनो, किती दिवसांनी अंधार पाहिला मी! आधी बारीक राखाडी पतंग आले, मग एक तपकिरी. तगरीच्या फुलांवर काहीतरी जोराने भिरभिरले. ओवीने श्वास रोखला. तो हिरवा आकार फुलावरून सुटून माझ्याकडे वळलाही होता, इतक्यात पलीकडे राघोच्या फोनवर सुपरवायझर ओरडला.

"क्यों बंद किया?"

"साब, फ्यूज..."

"अभी चालू करो!"

दिवा लागला. माझ्यावर बसलेले सगळे एकदम उठले आणि त्या पांढऱ्या झोताकडे गेले. तोही गेला.

"आला का गं?" खाटेवरून बाईंनी विचारले.

"येतो आहे, आजी," ओवी म्हणाली.

सकाळी राघो आमच्या अंगणात आला. त्याने दोन्ही हात ओंजळीसारखे धरले होते. "बाई, दिव्याखाली पडला होता. झाडूवाला भरून नेनार, त्याच्या आधी उचलला."

नीरजाने मला दोरीवरून काढले आणि बाईंच्या मांडीवर पसरले. राघोने त्याला अलगद माझ्यावर ठेवले. एक पंख फाटला होता. पाय अजून हलत होते. दिव्यावर रात्रभर आपटून तो थकला होता.

बाई वाकून बघत राहिल्या. त्यांनी ओवीकडे मान वळवली.

ओवी म्हणाली, "पतंग आहे. मिशीला गाठ नाही. अंग जाड. हिरवा... आजी, कण्हेर पतंग."

"शाबास," बाई म्हणाल्या. मग राघोला म्हणाल्या, "तू रडू नकोस रे. तू दिवा घालवला होतास."

ऊन ओटीवर यायच्या आत त्याचे पाय हलायचे थांबले. घरातली आणि वाडीतली माणसे बाईंना शेवटचा निरोप द्यायला जमली, ती त्याच आठवड्यात.

माझ्या मधोमध त्याच्या पंखांची हिरवी भुकटी लागली आहे. इतकी चिकाटीने धुणारी नीरजा, पण तो डाग तिने अजून धुतलेला नाही.

मित्रांनो, उन्हाळ्यात पतंग तुमच्याही अंगणात येतात. त्यांना फार काही नको असते. तगरीचे एखादे झाड न छाटता राहू द्या, आणि संध्याकाळी बाहेर काम नसेल तेव्हा बाहेरचा दिवा घालवा. मग गप्प बसून थोडी वाट बघा.