मंजिरा बोटीवरची पितळेची पट्टी

नागसेन रणखांबे यांना, घरच्यांच्या अप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. उजवा हात मांडीवर पडलेला असायचा आणि बोलणं मधेच अडकायचं. डोक्यातला शब्द तोंडात येईपर्यंत बदलायचा. चहा हवा असला की ते 'चावी' म्हणायचे, मग मान हलवून गप्प बसायचे. भोरला ते मुलीजवळ, संजीवनीजवळ राहत. ती नसरापूरच्या शाळेत भूगोल शिकवायची. सकाळच्या एसटीने जायची, संध्याकाळी परतायची. मधले आठ तास अप्पा खिडकीपाशी बसून काढत.

डाव्या हाताला काहीतरी काम लावा, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून एका रविवारी तिने जुना कॉम्प्युटर त्यांच्यासमोर मांडला आणि माउस डावीकडे ठेवला. वर्गात मुलांना दाखवायची तो सॅटेलाईटचा नकाशा उघडला. आधी आपलं घर दाखवलं, पत्र्यावरची पाण्याची टाकी दाखवली. अप्पांनी दोन मिनिटं बघितलं. मग माउस धरून नकाशा डावीकडे सरकवायला लागले. घाट गेला, कोकण गेलं, पडदा निळा झाला. तिथे ते थांबले.

"अप्पा, तिथं काही नाही. नुसतं पाणी आहे."

"आहे," अप्पा म्हणाले. हा शब्द बरोबर आला होता.

ते पंधरा वर्षं नौदलात होते. मार्गासनीच्या बौद्धवाडीतून अठराव्या वर्षी गेले आणि मंजिरा नावाच्या लढाऊ बोटीच्या इंजिन रूममध्ये नोकरीची बहुतेक वर्षं काढली. पुढे एका कारखान्यात बॉयलर सांभाळला. पण त्याबद्दल ते कधी बोलत नसत, बोटीबद्दल बोलायचे.

महिनाभरात त्यांना नकाशा वापरता यायला लागला. निवृत्त झालेल्या लढाऊ बोटी कुठे कुठे जपून ठेवल्यात ते संजीवनी शोधून द्यायची आणि अप्पा त्या वरून बघायचे. लंडनच्या नदीत पुलाच्या अलीकडे उभी असलेली करडी युद्धनौका त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखली. जपानमध्ये एक शंभर वर्षांपूर्वीची बोट किनाऱ्यावर आणून बुडापासून सिमेंटात बसवलीय, तिच्याभोवती बाग आहे, हे बघून ते बराच वेळ हसत होते. अमेरिकेतल्या एका विमानवाहू बोटीच्या डेकवरची विमानं त्यांनी बोटाने मोजली, दोनदा. विशाखापट्टणमच्या वाळूत ठेवलेली आपली पाणबुडी सापडली तेव्हा त्यांनी संजीवनीला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. प्रत्येक बोटीचं नाव ते डाव्या हाताने वहीत लिहायचे. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं यायचं, तरी लिहायचे.

"ठेवतात," ते म्हणायचे. "बघ. लोक ठेवतात."

त्यांचा रोख संजीवनीला कळत होता. मंजिरासुद्धा ठेवणार, असं ते पंचवीस वर्षं ऐकत आले होते. बोट निवृत्त झाली तेव्हा पेपरात आलं होतं की तिचं संग्रहालय होणार. समिती बसली होती. दर चार-पाच वर्षांनी पुन्हा बातमी यायची आणि अप्पा ती कापून ठेवायचे.

त्यांना ती बोट हवी होती ती धनाजीसाठी.

धनाजी शिळीमकर गुंजवण्याचा. दोन्ही गावं एकमेकांपासून सायकलच्या अंतरावर, पण दोघांची ओळख झाली मुंबईच्या गोदीत. गावात जे जमलं नसतं ते बोटीवर रोज व्हायचं, दोघं एका ताटात जेवायचे. एकोणऐंशी साली बॉयलर रूममध्ये वाफेचा पाइप फुटला. नागसेन तेव्हा वर होते. त्यांनी धनाजीला शिडीवरून उचलून आणलं. दोन दिवसांनी तो गेला.

त्याची ट्रंक घेऊन नागसेनच गुंजवण्याला गेले. धनाजीच्या वडलांनी त्यांना पडवीत बसवलं. चहा मात्र घरातल्या कपात आला. तो कप धनाजीच्या बायकोने, ठकुबाईने, स्वतः बाहेर आणून त्यांच्या हातात दिला. तेव्हा ती वीस वर्षांची होती.

बोटीवर परत गेल्यावर नागसेननी पितळेची वीतभर पट्टी घेतली. स्टोअरमध्ये इंग्रजी अक्षरांचे ठसे होते, मराठीचे नव्हते. त्यांनी खिळ्याला धार काढून ठिपक्या-ठिपक्यांनी 'धनाजी' लिहिलं, खाली 'गुंजवणे'. चार दिवस लागले. पट्टी बॉयलर रूमच्या दारावर रिव्हेट मारून बसवली. पुढच्या रजेत हे ठकुबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला दावाल का एकदा?" नागसेन म्हणाले, "दाखवीन, वहिनी."

पुढे गुंजवणीच्या धरणात ठकुबाईंचं घर गेलं. सामान हलवताना ट्रंक भिजली आणि त्यातला धनाजीचा एकुलता एक फोटो पांढरा पडला. त्या दिराच्या घरी राहायला गेल्या. पंचमीला, दिवाळीला भेट झाली की एवढंच विचारायच्या, "बोट हाय न्हवं अजून?"

मंजिरा अप्पांना सप्टेंबरमध्ये सापडली. कोकणातल्या एका खाडीत, जुन्या बोटी बांधून ठेवतात त्या धक्क्याला. संजीवनी शाळेतून आली तेव्हा अप्पा खुर्चीत पुढे वाकून बसले होते. त्यांनी तिचा हात धरून स्क्रीनवर टेकवला. करडा, गंजलेला, लांबट आकार होता. तिला तो इतर चार बोटींसारखाच दिसला.

"कशावरून, अप्पा?"

त्यांनी धुराड्यामागचा चौकोनी पत्रा दाखवला. तो त्यांच्या हातचा होता. तिथे त्यांनी स्वतः वेल्डिंग केलं होतं आणि तो इतर पत्र्यापेक्षा आजही वेगळा दिसत होता. मग त्यांचं बोट दोन अंगुळं पुढे सरकलं.

"खाली," ते म्हणाले. "धनाजी."

त्याच संध्याकाळी त्यांनी ठकुबाईंना निरोप द्यायला लावला. संजीवनीने त्यांच्या पुतण्याला फोन करून सांगितलं की बोट सापडलीय, काकींना येत्या रविवारी घेऊन ये. बोट प्रत्यक्ष बघायला परवानगी मिळते का, तेही विचारून ठेवू, असं तिने ठरवलं. म्हणजे काकी आल्या की पुढचं बोलता येईल.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत तिने फोन लावला. एका कार्यालयाने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. तिसरीकडच्या माणसाने नाव दोनदा विचारलं आणि कागद चाळले.

"मंजिरा ना? ती तोडली, मॅडम. मागच्या वर्षीच. मे महिन्यात."

"नाही हो. ती तिथंच आहे. मी परवा बघितली."

"कुठं बघितली?"

संजीवनीने सांगितलं. "मॅडम, खाली कोपऱ्यात तारीख असते बघा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

स्टाफरूममधल्या कॉम्प्युटरवर तिने नकाशा उघडला. बारीक अक्षरांत मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीची तारीख होती. वर्गात ती मुलांना हे दरवर्षी सांगायची, की हे चित्र आत्ताचं नसतं. स्वतःच्या घरात तिला ते आठवलं नव्हतं.

तिने त्याच माणसाकडून बोट तोडणाऱ्या ठेकेदाराचा नंबर मिळवला. तो भला माणूस निघाला. "ताई, पितळ, तांबं आधी निघतं," तो म्हणाला. "पहिल्या पंधरवड्यातच भट्टीला जातं. कशावर काय लिहिलंय हे कोण बघणार? आधी कुणी सांगितलं असतं तर काढून ठेवली असती. मला काय अवघड होतं?"

हे शेवटचं वाक्य ती एसटीत बसून भोरपर्यंत ऐकत राहिली.

अप्पांना तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी ऐकलं, मग स्क्रीनकडे बघितलं. बोट होती तिथेच होती. त्यांनी चित्र मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. तारखेवर बोट ठेवून संजीवनीकडे बघितलं. ती "हो" म्हणाली. मग ते जेवले नाहीत. ठकुबाईंच्या पुतण्याचा फोन शनिवारी दिवसभर लागला नाही. डोंगराच्या त्या अंगाला हे नेहमीचंच होतं.

रविवारी अकरा वाजता ठकुबाई आल्या. पुतण्याला काम निघालं म्हणून एकट्याच आल्या होत्या. मार्गासनीपर्यंत वडापच्या जीपने, तिथून एसटीने नसरापूर, पुन्हा एसटीने भोर. सहासष्ट वर्षांची बाई, ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवीत इंद्रायणी तांदूळ घेऊन.

"कुठंय?" त्यांनी चप्पल काढता काढता विचारलं.

संजीवनीने अप्पांकडे बघितलं. रात्रीच ठरलं होतं की ती सांगेल. पण अप्पांनी डावा हात वर करून तिला थांबवलं आणि शेजारची खुर्ची ठकुबाईंना दाखवली. ठकुबाई बसल्या. चष्मा पुसून त्या स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या.

"ही व्हय? येवढी लांब?"

"चारशे फूट," संजीवनी म्हणाली.

"म्या आपली नावंसारखी धरून बसले हुते इतकी वर्सं." त्या हसल्या. "भाऊ, पट्टी कुठल्या अंगाला हाय?"

अप्पांनी दाखवलं. ठकुबाईंनी तिथे आपलं बोट लावलं आणि तसंच ठेवलं. "अजून मोटं व्हतं का गं, पोरी?"

संजीवनीने मोठं केलं. पत्रा दिसला, मग करडे चौकोन दिसले, मग काहीच ओळखू येईना.

"आतलं न्हाई दिसत," ठकुबाई म्हणाल्या. "असू दे. बाहीरनं तर दिसलं. आता दिवाळीनंतर जाऊ. पुतण्या नेतो म्हणलाय गाडी करून. भाऊ, तुमी पुढं बसा, म्या मागं बसते."

अप्पांचं तोंड उघडलं. "वहिनी," ते म्हणाले. "ती... बोट..." पुढचा शब्द येईना. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "चावी," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. डाव्या हाताने त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर दोनदा मारलं.

"चहा पायजे का त्यास्नी?" ठकुबाईंनी विचारलं.

"नाही, काकी." संजीवनी त्यांच्यासमोर खाली बसली. "बोट राहिली नाही. मागच्या वर्षी तोडली. हे चित्र तोडायच्या आधीचं आहे. मला परवा कळलं. तुम्हाला फोन लावत होते, लागला नाही."

ठकुबाईंनी स्क्रीनकडे बघितलं. "पर ही तर हाय की."

"फोटो आहे, काकी. जुना."

"आन पट्टी?"

"ती वितळवली."

ठकुबाईंनी बोट स्क्रीनवरून काढलं आणि पदराने तिथली काच पुसली. मग म्हणाल्या, "कुणी सांगितलं का न्हाई कुणाला? घर पाण्यात गेलं, तवा तलाठी दोनदा आला हुता. दाराला नोटीस लावली हुती. गुरं हलवायला सवड दिली हुती. ह्येची नोटीस कुठं लावली?"

"कुठंच नाही, काकी."

"समिती हुती म्हनं."

"होती."

अप्पा रडत होते. झटक्यानंतर त्यांना रडू लवकर यायचं आणि थांबवता यायचं नाही. संजीवनीला त्याची सवय होती. ठकुबाईंना नव्हती. त्या उठल्या, त्यांच्या निकामी हाताशेजारी उभ्या राहिल्या. काय करावं ते त्यांना सुचेना. हात लावावा की नाही, तेही ठरेना. शेवटी त्यांनी तो हात उचलून दोन्ही हातांत धरला.

"कसं लिहिलं हुतं ते सांगा," त्या म्हणाल्या. "म्या कधी इचारलंच न्हाई."

अप्पांना सांगता येईना. त्यांनी वही ओढली. पेन्सिलीने ठिपके द्यायला लागले. 'ध' ला वेळ लागला. 'ना' वाकडा गेला. 'जी' पर्यंत आले तोवर ठिपके ओळीबाहेर पडायला लागले आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यांनी पान उलटं केलं.

"ऱ्हाऊ द्या," ठकुबाई म्हणाल्या.

त्या जेवल्या, थोडंच. तीनची एसटी गाठायची होती. संजीवनीने त्या चित्राची प्रिंट काढून देऊ का, असं विचारलं. त्यांनी नको म्हटलं. "घरात ठिवली की पोरं इचारत्याल, कुठंय म्हनून. काय सांगू?" निघताना त्यांनी अप्पांना नमस्कार केला. अप्पांनी डावा हात वर केला, तो ठकुबाई गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत खाली घेतला नाही.

स्टँडवर गाडी लागलेली होती. ठकुबाई पायरीवर थांबल्या.

"दिवाळीनंतरच्या गाडीचं पुतण्याला सांगून टाकते," त्या म्हणाल्या. "नगं म्हनून." आणि आत गेल्या.

अप्पा नकाशा रोज उघडत राहिले. जपानच्या बोटीकडे, लंडनच्या बोटीकडे ते आता जात नसत. थेट खाडीत जायचे. मंजिरा उभी असायची. संजीवनी घरी आल्यावर एकदा कोपऱ्यातली तारीख बघायची. चित्र आज ना उद्या बदलणार हे तिला माहीत होतं. ते तिला थांबवता येणार नव्हतं, आणि कॉम्प्युटर काढून घेणंही तिला जमेना.

जानेवारीतल्या एका दिवशी चित्र बदललं. ती आली तेव्हा अप्पा नेहमीसारखे पुढे वाकले होते. खाडी तीच, धक्का तोच. धक्क्याला एक दुसरी बोट बांधलेली होती. मंजिरापेक्षा आखूड होती, तिचं धुराडं पुढे होतं आणि रंग अजून बराचसा शाबूत होता. शेजारी एक क्रेन उभी होती.

संजीवनीने पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अप्पांनी त्या बोटीच्या डेकवरून बोट सावकाश पुढून मागे फिरवलं.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

तिला माहीत नव्हतं. कुणाला विचारायचं तेही तिला माहीत नव्हतं. कोपऱ्यातली तारीख तीन महिन्यांपूर्वीची होती.