नेसायची राहून गेलेली चटई

मी एक चटई बोलतेय. जमिनीवर अंथरतात ती नव्हे, कमरेला गुंडाळून वर काथ्याची दोरी बांधतात ती. इथे वाव्हाऊ बेटावर मला ताओव्हाला म्हणतात. बोलायची मला सवय नाही. जन्म गेला गादीखाली, आणि गादीखाली राहणाऱ्याला कुणी अवचित ओढून बाहेर काढलं की आधी धस्स होतं. मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या.

मी मूळची केवड्याच्या बनातली. हेपिसिपाच्या आजीने माझी पाती कापली, काटे सोलले, उकळत्या पाण्यातून काढली आणि दगडांखाली दाबून आठवडाभर समुद्रात भिजत ठेवली. मग भरपूर ऊन दिलं. मग गावातल्या सहा बायका मांडवात बसून मला विणू लागल्या. विणता विणता त्यांनी तीन लग्नं जुळवली आणि एक मोडलं. मी तेव्हा कोवळी होते, पण ऐकत होते.

तलम चटया लग्नाला, चर्चला, पदवीच्या समारंभाला जातात. मी जाडीभरडी आणि आकाराने मोठी, छातीपासून घोट्यापर्यंत झाकणारी. मला फक्त घरातलं कुणी गेलं की बाहेर काढतात. दर वेळी चुलीचा धूर लागला, कडा उसवल्या, दोन भोकं पडली. ती कुणी शिवत नाही. आमच्यात बापाच्या बहिणीचा मान सगळ्यांत मोठा आणि तिच्यापुढे भावाची मुलं सगळ्यांत लहान. आत्या गेली की तिचा भाऊ आणि भाचरं मागच्या अंगणात चुलीशी राबतात आणि घरातली सगळ्यांत फाटकी चटई नेसतात. चटई जितकी फाटकी तितकं नातं जवळचं. परक्याला ती गरिबी वाटेल. इथल्या माणसाला ते लांबूनच कळतं.

आजीनंतर मी हेपिसिपाकडे आले. वयाने मी तिच्याहून मोठी, म्हणून तिला एकेरीत बोलते. गावात असं बोलायची कुणाची छाती नव्हती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. रविवारी चर्चमध्ये तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा आणि सोमवारी पत्ते खेळताना ती राजरोस फसवायची. कुणी पकडलं तर म्हणायची, देवाने रविवार दिलाय पश्चात्तापाला, अजून सहा दिवस आहेत.

शेजारच्या घरात तिचा भाऊ सेमिसी. ती न्हातीधुती झाल्यापासून भावाने तिच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. बहिणीच्या घरात भावाने पाऊल टाकायचं नसतं. दोघं कुंपणावरून बोलायचे, कुंपणावरून भांडायचे, आणि माशाचं कालवणही कुंपणावरूनच इकडून तिकडे जायचं. सेमिसीची बायको धाकटी मुलगी रांगत असतानाच गेली. तेव्हापासून दोन्ही मुली, थोरली लुसेआने आणि धाकटी फुइवा, आत्याच्याच हाताखाली वाढल्या.

फुइवा वाऱ्यासारखी. लुसेआनेचं तसं नव्हतं. तिला मागून हाक मारली तरी हातातलं भांडं पडायचं. चर्चमध्ये उतारा वाचायला उभी केली की पहिली ओळ ऐकू यायची, पुढच्या नुसत्या ओठांवर. पण अभ्यासात हुशार, म्हणून फिजीला, सुवाच्या कॉलेजात गेली, पदवी घेतली आणि तिथेच एका कचेरीत लागली. सुट्टीत यायची तेव्हा नवीन शब्द आणायची, नवीन मतं आणायची. मतं चांगली होती, मी नाही म्हणत नाही. फक्त ती बोलून झाली की समोरच्याचा चेहरा बघायची, चालली की नाही ते.

ती आली की हेपिसिपा तिला विचारायची, काय करू खायला, काय आवडतं तुला? आणि ही म्हणायची, तुम्हाला आवडेल ते.

"मला काय आवडतं ते मला माहीत आहे," हेपिसिपा एकदा म्हणाली. "तुला विचारलंय. सव्वीस वर्षांची घोडी झालीस, अजून स्वतःची एक आवड सांगता येत नाही?"

हेपिसिपा तेव्हा आजारी होती, पाय सुजले होते, खुर्चीत बसून केवड्याच्या पात्यांचे काटे काढत होती. लुसेआने खाली बसून तेच करत होती. मग खाली मान घालून ती म्हणाली, "तुमच्या शेजारी बसून हे करायला आवडतं मला. बाकी मला खरंच काही माहीत नाही."

हेपिसिपाने हातातलं पातं बाजूला ठेवलं. फुइवाला हाक मारून गादी उचलायला लावली आणि मला बाहेर काढलं. तिने मला लुसेआनेच्या मांडीवर ठेवलं.

"मी गेले की ही नेस. फुइवाला तुमच्या आईची आहे. ही तुझी. सगळ्यांना कळू दे तू माझी कोण होतीस."

मला लुसेआनेने कुंपणापलीकडे, बापाच्या घरातल्या आपल्या खोलीत नेलं आणि स्वतःच्या गादीखाली सरळ अंथरलं. पुढच्या वेळी ती आली तेव्हा हेपिसिपा गेलेली होती.

त्या सकाळचंच मला सांगायचं आहे. एवढा वेळ मी इकडचं तिकडचं सांगत बसले, ते बहुधा तेच टाळायला.

अंत्यविधी हेपिसिपाच्या घरी होता. लुसेआनेच्या खोलीची खिडकी त्याच अंगणावर उघडते. पाहुण्यांसाठी ताडपत्री बांधून खुर्च्या मांडल्या होत्या, त्या खिडकीला लागूनच. ऑकलंडहून आलेल्या चुलतबहिणी काळ्या पोशाखात इकडेतिकडे वावरत होत्या, फोटो काढत होत्या. लुसेआनेने मला बाहेर काढलं, झटकलं, अंगाला गुंडाळलं, दोरी बांधली. रडून तिचे डोळे सुजले होते. आरशात ती स्वतःला बघत होती आणि मला, खरं सांगते, अभिमान वाटत होता. इतक्या वर्षांत मी कुणाच्या अंगावर इतकी नीट बसले नव्हते.

तेवढ्यात फुइवा आत आली. तिच्या अंगावरची चटई माझ्याहून चिंध्या झालेली, दुखवट्यासाठी केस कापलेले, गालाला राख. ती पहाटेपासून चुलीशी होती आणि दमलेली होती. बहिणीला बघून तिला हसू फुटलं.

"अगं बाई. वादळात उडालेलं छप्पर तुझ्यावरच येऊन पडलं होय?"

एवढंच. ती थट्टा होती, दमलेल्या माणसाची. फुइवाला कुणी तेच म्हटलं असतं तर तिने गोल फिरून मागची बाजूही दाखवली असती. पण लुसेआनेने पुन्हा आरशात बघितलं आणि या वेळी तिला वेगळंच काही दिसलं असणार. बाहेर चुलतबहिणी हसल्या, कशावर कोण जाणे. तिने दोरी सोडली. माझं एक टोक तिच्या बाहीत अडकलं होतं, तेही तिने सोडवलं. त्या टोकाने जरा धरून ठेवायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. पण जुनी पात ती, लगेच तुटली.

"काय करतेस?" फुइवाने विचारलं.

"मला हे पटत नाही," लुसेआने म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द कॉलेजातले होते. "मेल्यावर कोण वर, कोण खाली, हे काय? माणसांत उच्चनीच नसतं. मी नाही नेसणार."

दारात सेमिसी उभा होता. त्याने ऐकलं. तो चुलीकडे गेला.

लुसेआनेने पदवीच्या दिवशीची तलम, गव्हाळ चटई नेसली आणि पुढच्या दाराने गेली. मी पलंगावर पडून खिडकीतून बघत होते.

मांडणी बघायला ताउफा नावाचा दुसऱ्या गावचा म्हातारा आला होता. कोण कुठे बसणार, कुणापुढे काय ठेवायचं, सगळं त्याच्या हातात. तो माणसांच्या तोंडाकडे बघत नव्हता, कमरेकडे बघत होता. लुसेआनेची चटई बघून तो अदबीने पुढे आला, ताडपत्रीखाली घेऊन गेला, एक खुर्ची पुसून दिली.

"बसा बाई. कुठून आलात आपण?"

मी इकडे पलंगावर जीव मुठीत धरून ऐकत होते. तीन शब्द पुरे होते. मी त्यांची भाची. पण आजूबाजूच्या खुर्च्यांवरचे लोक वळून बघत होते आणि तिच्या ओठांवर काही येईना.

"सुवाहून," ती म्हणाली.

"लांबून आलात. देव तुमचं भलं करो," म्हातारा म्हणाला आणि पुढच्या पाहुण्याकडे गेला.

मग पाहुण्यांची जेवणं आली. चुलीवरून टोपल्या वाहून आणायचं काम घरच्यांचं. लुसेआनेच्या रांगेसाठी टोपली घेऊन आला तो सेमिसी. डोक्यावरून पांघरलेली फाटकी चटई, हात काळे, डोळे धुराने लाल. एकेका पाहुण्यापुढे वाकून तो वाढत होता आणि वाढताना पाहुण्याला म्हणायचं ते म्हणत होता. मुलीसमोर आला. तिने वर बघितलं. चार लोकांत तिला ओळख दाखवली असती तर तिचंच हसं झालं असतं, हे त्या बापाला कळत होतं. त्याने पान तिच्यापुढे ठेवलं, नजर खाली ठेवूनच.

"घ्या. पोटभर जेवा. साधंच आहे."

तिने एक घासही खाल्ला नाही. घरच्यांचं रडणं मागून ऐकू येत होतं. पाहुण्यांनी तसं रडायचं नसतं, म्हणून ती गप्प बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी फुइवा केर काढता काढता म्हणाली, "ताई, आत्याला दोनच भाच्या होत्या. काल एकच राबली." लुसेआने म्हणाली, मी सांगितलंय माझं मत. मत म्हणजे काय, ते मला माहीत होतं. तिच्या अंगावर मी होते तेव्हा तिचं काळीज कसं धडधडत होतं ते मी ऐकलं होतं. त्यात मत नव्हतं. भीती होती आणि लाज होती, आणि दोन्हींना घाईघाईने एक चांगला कपडा चढवलेला होता.

पुढचे दिवस त्याहून अवघड गेले, कारण सेमिसीने तिचं म्हणणं खरं धरलं. चर्चच्या अंगणात कुणी विचारलं, थोरली कुठे दिसली नाही चुलीशी, तर तो सांगे, माझी लुसेआने शिकलेली आहे, तिचं ते तत्त्व आहे, असं वागायला छाती लागते. हे ती ऐके आणि खोलीत येऊन दार लावून घेई. एकदा दार लावून ती मला नेसलीही, आरशाकडे पाठ करून. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग घडी घालून परत गादीखाली.

दहाव्या दिवशी ती सुवाला परत जाणार होती. पलंगावर बसून बॅग भरत होती. सेमिसी बाहेर ओसरीवर येऊन बसला, खिडकीपाशी. आधी तो विमानाच्या वेळेबद्दल बोलला. मग म्हणाला:

"लुसे, एक विचारू? तू त्या दिवशी म्हणालीस ते मी दहा दिवस डोक्यात घेऊन हिंडतोय. माझी बहीण आत निजली होती आणि मी बाहेर डुक्कर भाजत होतो. आत जाऊन एकदा तिचं तोंड बघायला हवं होतं का मी? तू शिकलीस, तू सांग. आम्ही सगळं चुकीचंच करत आलो का गं?"

त्याला तत्त्व नको होतं. आपण बहिणीला अंतर दिलं की मान दिला, एवढंच त्याला विचारायचं होतं. आणि लुसेआनेला उत्तर माहीत होतं. तुम्ही चुकला नाहीत बाबा, मी चुकले, मला त्या चटईची लाज वाटली. हे म्हणताच म्हातारा सुटला असता. गादीवरचं तिचं वजन पुढे सरकलं, ती उठायला बघत होती, हे मला खाली कळलं. मी वाट बघत राहिले.

"प्रत्येकाचं आपापलं असतं, बाबा," ती म्हणाली.

"हं," तो म्हणाला. "तेही खरंच." आणि बॅग गाडीत ठेवायला उठला.

त्याला आता पाच महिने झाले. मी इथेच आहे. दर शनिवारी फुइवा मला कुंपणावर ऊन दाखवायला टाकते. रविवारी सुवाहून फोन येतो. लुसेआने विचारते, जेवलात का, पाऊस आहे का, डुकरं कशी आहेत. सेमिसी सगळ्याची उत्तरं देतो. फोन ठेवल्यावर थोडा वेळ तिथेच बसून राहतो.

लुसेआने, तू मला नेसली नाहीस म्हणून मी रुसलेली नाही. फाटक्या गोष्टीला रुसणं शोभत नाही. पण या रविवारी फोन केलास की पावसाचं विचारू नकोस. त्याला सांग की ते तत्त्व नव्हतं. सांग की फुइवा हसली आणि तू घाबरलीस. तो तुला नावं ठेवणार नाही, घाबरट मुलगी त्यानेच वाढवली आहे. त्याला फक्त कळू दे की त्याच्या साठ वर्षांना तू खोटं ठरवलं नव्हतंस.

आज शनिवार आहे. मी कुंपणावर आहे, ऊन उतरत आलंय. सेमिसी हेपिसिपाच्या घराची किल्ली घेऊन तिच्या पायरीशी आला आहे. आत आता कुणी नाही. आत गेलेलं चालेल की नाही, हे सांगणारंही कुणी उरलेलं नाही. त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या आहेत. किल्ली हातात आहे, आणि तो उभाच आहे.